गुडघ्याच्या गोळ्या आणि मांडीतली गुठळी: एका रुग्णाचं प्रकरण

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. औषधांचे डोस या एका रुग्णाचं वय, वजन आणि तपासण्या पाहून ठरवलेले आहेत. ते वाचून कुणी स्वतःची गोळी सुरू, बंद किंवा कमी-जास्त करू नये.)

पार्श्वभूमी

रुग्ण ६६ वर्षांच्या निवृत्त शिक्षिका. वजन ५८ किलो. रक्तदाब एका गोळीवर आटोक्यात, मधुमेह नाही. याआधी कधी गुठळी झाली नव्हती आणि जवळच्या नात्यात कुणाला झाल्याचंही आठवत नव्हतं. गुडघे मात्र बरीच वर्षं झिजलेले, त्यात डावा जास्त. त्या गुडघ्याच्या मागच्या बाजूला पाण्याची छोटी गाठ, म्हणजे बेकर सिस्ट, आधीच्या सोनोग्राफीत दिसलेली होती.

डावी पोटरी दुखायला आणि ताठरायला लागली तेव्हा पहिला संशय या गाठीवर गेला. त्यात वावगं काही नव्हतं. बेकर सिस्ट फुटली की आतलं पाणी पोटरीत उतरतं, पोटरी सुजते, लाल होते, दुखते, आणि वरवर पाहता हे चित्र शिरेतल्या गुठळीसारखंच दिसतं. डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी दिवसातून दोनदा आणि विश्रांती असा सल्ला मिळाला.

दहा दिवसांत सूज पोटरीवरून मांडीपर्यंत चढली आणि त्या आमच्याकडे आल्या. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंमी खाली टेपने मोजलं: डावी पोटरी ३९ सेंमी, उजवी ३५. नडगीवर बोट दाबलं की खळगा राहत होता. मांडीच्या आतल्या बाजूला, खोल शिरेच्या वाटेवर दाबलं की त्या कळवळायच्या. दम लागत नव्हता, छातीत दुखत नव्हतं, बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ९७ टक्के.

निदान

खोल शिरेतल्या गुठळीची शक्यता किती आहे हे ठरवायला वेल्स गुणांकन वापरतात. पूर्ण पाय सुजलेला, पोटरीच्या घेरात ३ सेंमीपेक्षा जास्त फरक, खळगा पडणारी सूज आणि शिरेवरचं दुखणं असे चार गुण झाले. दुसरं एखादं निदान तितकंच संभवत असेल तर दोन गुण वजा होतात. इथे बेकर सिस्ट होतीच. पण दोन वजा केले तरी दोन उरतात, आणि दोन किंवा जास्त म्हणजे ‘गुठळीची शक्यता मोठी’. त्यामुळे डी-डायमर या रक्ततपासणीच्या नादी न लागता थेट डॉप्लर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, करायचं ठरलं. शक्यता कमी असते तेव्हा डी-डायमर नकारात्मक आला तर गुठळी नाही असं म्हणता येतं. शक्यता मोठी असेल तर तो अहवाल आला तरी डॉप्लर टळत नाही.

डॉप्लर सकाळीच होणार होतं. एवढा वेळ उपचाराविना काढायचा नाही म्हणून रात्रीच एनॉक्सापॅरिनचं (हेपरिनचा एक प्रकार, गुठळी वाढू न देणारं औषध) इंजेक्शन दिलं, किलोमागे १ मिग्रॅ या हिशोबाने ६० मिग्रॅ. सकाळच्या तपासणीत गुडघ्यामागची शीर आणि तिथून मांडीच्या मध्यापर्यंतची शीर दाबली तरी मिटत नव्हती. निरोगी शीर सोनोग्राफीच्या डोक्याखाली दाबली की सपाट होते. आत गुठळी असेल तर होत नाही. जांघेच्या वरच्या शिरा मोकळ्या होत्या. बेकर सिस्टही दिसली, लहानशी आणि न फुटलेली.

म्हणजे गुडघ्याच्या गाठीचं निदान इथे रद्द झालं. त्या निदानासाठी दिलेल्या गोळ्या मात्र रद्द झाल्या नाहीत. पुढचं सगळं प्रकरण याच एका गोष्टीभोवती फिरतं.

पहिला निर्णय: कोणतं औषध

‘रक्त पातळ करणारी गोळी’ म्हटलं की ती गुठळी विरघळवते असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. ही औषधं गुठळी वाढू देत नाहीत आणि नवी होऊ देत नाहीत. जुनी गुठळी विरघळवण्याचं काम शरीर स्वतः करतं, आठवडे-महिने घेऊन. गुडघ्याच्या वरच्या शिरेतली गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका पहिल्या काही आठवड्यांत सर्वात जास्त असतो. म्हणून या काळात औषधात खंड पडणं फार धोक्याचं.

समोर तीन वाटा होत्या.

पहिली जुनी आणि खात्रीची: हेपरिनची इंजेक्शनं आणि सोबत वॉरफेरिन. वॉरफेरिन १९५४ पासून माणसांसाठी वापरात आहे. त्याचा परिणाम हळू चढतो, म्हणून निदान पाच दिवस आणि आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ दाखवणारा आकडा) २ च्या वर जाऊन २४ तास होईपर्यंत इंजेक्शन चालू ठेवावं लागतं. सुरुवातीला आयएनआर वाढलेला दिसतो तो मुख्यतः फॅक्टर ७ हे रक्त गोठवणारं प्रथिन लवकर संपल्यामुळे; प्रोथ्रॉम्बिन हे तसंच दुसरं प्रथिन कमी व्हायला त्याहून बरेच दिवस लागतात. आकडा चांगला आला म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी इंजेक्शन बंद केलं तर रुग्ण उघड्यावर पडतो. शिवाय पुढे वारंवार रक्ततपासणी, हिरव्या पालेभाज्यांचं प्रमाण सारखं ठेवणं आणि दर नव्या अँटिबायोटिकसोबत आयएनआर पुन्हा बघणं आलंच.

दुसरी वाट रिव्हारोक्साबॅन: २१ दिवस १५ मिग्रॅ दोनदा, नंतर २० मिग्रॅ एकदा, आणि जेवणासोबतच. तिसरी अॅपिक्साबॅन: सात दिवस १० मिग्रॅ दोनदा, नंतर ५ मिग्रॅ दोनदा. या दोन्हींत सुरुवातीची इंजेक्शनं लागत नाहीत. डॅबिगॅट्रान आणि एडोक्साबॅनला आधी निदान पाच दिवस इंजेक्शन द्यावं लागतं, त्यामुळे त्यांचा विचार लांबला नाही.

निर्णय मूत्रपिंडावर झाला. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड रक्तातून बाहेर टाकतं तो घटक, १.३ होतं. आकडा साधा वाटतो, पण वय, वजन आणि स्त्री असणं धरून हिशोब केला तर क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडाचा गाळण्याचा वेग, मिनिटाला ३९ मिली निघाला. अॅपिक्साबॅनचा सुमारे चौथा हिस्साच मूत्रपिंडातून बाहेर पडतो, इतर गोळ्यांपेक्षा कमी. शिवाय २०१३ च्या अॅम्प्लिफाय चाचणीत, पाच हजारांहून जास्त रुग्णांमध्ये, मोठ्या रक्तस्रावाचं प्रमाण अॅपिक्साबॅनवर ०.६ टक्के आणि एनॉक्सापॅरिन-वॉरफेरिनवर १.८ टक्के होतं; गुठळी पुन्हा होण्याचं प्रमाण जवळपास सारखं. अॅपिक्साबॅन ठरलं. इंजेक्शनचा पुढचा डोस ज्या वेळी द्यायचा होता, त्या वेळी पहिली गोळी दिली.

अंथरुणाला खिळून राहायची गरज नाही, झेपेल तसं चाला, असं सांगून त्यांना दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. आठव्या दिवसापासून दर वेळी दोनच्या जागी एक गोळी घ्यायची, हे त्यांना आणि मुलीला तीनदा समजावलं, कागदावर तारीख घालून लिहून दिलं. या बदलात लोक चुकतात म्हणून सगळा भर तिथे होता. त्यांनी तो बदल अचूक केला.

त्याच कागदावर शेवटची ओळ होती: ‘पूर्वीची औषधे पूर्वीप्रमाणे चालू ठेवावीत.’ लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर रक्तदाबाची गोळी होती.

अडचण

एकोणिसाव्या दिवशी संध्याकाळी मुलगी त्यांना घेऊन आली. उठताना चक्कर आली होती. नाडी १०८, रक्तदाब १०४/६४, हिमोग्लोबिन १२.१ वरून ८.४ वर आलेलं. शौचाला कसं होतंय विचारल्यावर कळलं, तीन दिवसांपासून डांबरासारखी काळी आणि चिकट होत होती.

‘रक्त दिसलं तर लगेच या’ असं त्यांना सांगितलेलं होतं. लाल काही दिसलं नाही, म्हणून त्या आल्या नाहीत. जठरातलं रक्त आतड्यातून खाली येईपर्यंत काळं होतं, हे सांगितल्याशिवाय कुणाला कसं कळावं?

मग गोळ्यांची पिशवीच टेबलावर रिकामी करायला सांगितली. त्यात डायक्लोफेनॅकची अर्धी संपलेली पाकिटं निघाली.

“काकू, ही गोळी अजून घेताय?”

उत्तर मुलीने दिलं. “ती तर गुडघ्याची आहे ना? रक्ताची नाही. तुमच्याच कागदावर लिहिलंय, आधीची औषधं चालू ठेवा म्हणून.”

तिचं बरोबर होतं. दाखल करताना ‘रोज कुठली औषधं चालू आहेत?’ असं विचारलं गेलं होतं आणि रक्तदाबाची गोळी एवढंच उत्तर आलं होतं. दुखण्यावरच्या गोळीला बहुतेक लोक रोजच्या औषधांत धरतच नाहीत, दिवसातून दोनदा घेत असले तरी. डायक्लोफेनॅक जठराचं अस्तर सोलतं आणि प्लेटलेट्सचं कामही मंदावतं. त्यावर गुठळीची गोळी आली की लहानसा व्रणसुद्धा वाहत राहतो.

दुसरा निर्णय: थांबायचं किती

या प्रकरणातला सर्वात कठीण भाग हा. रक्तस्राव होतोय म्हणून औषध थांबवलंच पाहिजे. मांडीत तीन आठवड्यांची गुठळी आहे म्हणून थांबवता कामा नये.

अॅपिक्साबॅनची शेवटची गोळी सकाळी घेतलेली होती. परिणाम उलटवणारी औषधं, म्हणजे अँडेक्सानेट किंवा प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स, जीवावर बेतलेल्या रक्तस्रावासाठी राखून ठेवतात, कारण ती स्वतःच गुठळी घडवू शकतात. सलाईनने रक्तदाब सावरला, नाडी उतरली. म्हणून ती वापरली नाहीत. गोळीचं अर्धायुष्य साधारण १२ तास. काळ हाच इथे उतारा होता. हिमोग्लोबिन ७ च्या वर आणि प्रकृती स्थिर, म्हणून रक्तही चढवलं नाही. शिरेतून आम्ल कमी करणारं औषध सुरू केलं.

सकाळी एंडोस्कोपी झाली. जठराच्या खालच्या टोकाला व्रण होता आणि त्याच्या तळाशी रक्तवाहिनीचं टोक उघडं दिसत होतं. अशी वाहिनी पुन्हा फुटण्याची शक्यता बरीच असते आणि ती मुख्यतः पहिल्या ७२ तासांत. दोन क्लिप लावून ती बंद केली. व्रण करणाऱ्या जंतूसाठी जठराच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला.

मग बैठक बसली. पोटविकारतज्ज्ञांचं म्हणणं, किमान ७२ तास कुठलंही रक्त पातळ करणारं औषध नको, जमलं तर आठवडाभर नको. दुसरा प्रस्ताव पोटातल्या मोठ्या शिरेत जाळी, म्हणजे आयव्हीसी फिल्टर, बसवण्याचा होता. ताजी गुठळी मांडीत आहे आणि औषध देता येत नाही, हेच फिल्टर बसवण्याचं मान्य कारण आहे, त्यामुळे प्रस्ताव अजिबात अवाजवी नव्हता. पण फिल्टर गुठळीवर उपचार करत नाही, फक्त ती वर जाताना अडवतो. पुढे पायात नव्या गुठळ्या होण्याचा धोका वाढवतो, आणि तो वेळेत काढला नाही तर काढणं अवघड होत जातं. नंतर काढायचे फिल्टर कितीदा तरी तसेच राहून जातात. औषध आठवडाभर बंद राहणार असेल तर फिल्टर. दोन-तीन दिवसांचाच प्रश्न असेल तर फिल्टर म्हणजे त्या दोन-तीन दिवसांसाठी अनेक महिन्यांची जबाबदारी.

तेव्हा प्रश्न असा उरला: क्लिप घट्ट बसल्या आहेत याची खात्री पटेपर्यंत देता येईल, पण सहज मागे घेता येईल असं औषध कुठलं? साधं हेपरिन. ते शिरेतून थेंबथेंब जातं, बंद केलं की काही तासांत परिणाम ओसरतो, आणि गरज पडलीच तर त्याचा परिणाम उलटवणारं प्रोटामिन हाताशी असतं. दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळीत ही सोय नाही.

कारवाई

एंडोस्कोपीनंतर ४८ तास काहीच दिलं नाही. या काळात फिल्टर बसवणाऱ्या पथकाला कल्पना देऊन ठेवली होती: गुठळी वर सरकली किंवा पुन्हा रक्तस्राव झाला तर लगेच फिल्टर. ४८ तासांनी पुन्हा डॉप्लर केलं. गुठळी होती तिथेच होती. हिमोग्लोबिन ८.२ वर टिकलेलं, शौचाचा काळेपणा कमी होत चाललेला. पोटविकारतज्ज्ञांच्या संमतीने सुरुवातीचा मोठा डोस न देता हेपरिनचा थेंब सुरू केला, एपीटीटी (हेपरिनचा परिणाम मोजणारी रक्ततपासणी) ठरलेल्या मर्यादेच्या खालच्या बाजूला ठेवून. प्लेटलेट्सवर नजर ठेवली, कारण हेपरिनमुळे त्या क्वचित एकदम घसरतात आणि तेव्हा उलट गुठळ्याच वाढतात.

दीड दिवस शांततेत गेला. मग अॅपिक्साबॅन ५ मिग्रॅ दोनदा सुरू केलं आणि पहिल्या गोळीसोबत हेपरिन बंद केलं. पुन्हा सात दिवस १० मिग्रॅ द्यावं का, हा प्रश्न एका सहकाऱ्याने काढला. तो सुरुवातीचा मोठा डोस पूर्ण झालेला होता, गुठळी वाढलेली नव्हती आणि व्रण ओला होता. दिला नाही.

तुकड्यात हेलिकोबॅक्टर जंतू सापडला. त्याच्या उपचारात क्लॅरिथ्रोमायसिन असलेली योजना मुद्दाम टाळली, कारण ते अॅपिक्साबॅनचं रक्तातलं प्रमाण वाढवतं; बिस्मथवर आधारलेली १४ दिवसांची योजना दिली. तिच्यात मेट्रोनिडाझोल असतं. वॉरफेरिन चालू असतं तर तेही अडचणीचं ठरलं असतं. डायक्लोफेनॅक कायमचं बंद. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल, मांडीचे व्यायाम आणि काठी. सोबत लोहाच्या गोळ्या. त्यांनीही शौच काळपट होते, पण ती घट्ट असते, डांबरासारखी चिकट नसते, हे या वेळी आधीच सांगून ठेवलं.

डायक्लोफेनॅक थांबून काही आठवडे झाल्यावर क्रिएटिनिन १.३ वरून १.० वर आलं. क्लिअरन्स मिनिटाला ५१ मिली. ज्या ‘कमजोर मूत्रपिंडा’कडे बघून आम्ही गोळी निवडली, ते काही अंशी त्या दुखण्याच्या गोळीनेच कमजोर झालेलं होतं.

तिसरा निर्णय: बंद कधी

तीन महिने औषध हवंच, यावर कुणाचं दुमत नव्हतं. पुढे काय, हे गुठळी कशामुळे झाली यावर ठरतं. शस्त्रक्रिया, प्लास्टर, दीर्घ आजारपण असं ठोस कारण असतं तर तीन महिन्यांनी थांबलो असतो. इथे तसं काही नव्हतं. कर्करोगाच्या शोधासाठी नेहमीच्या रक्ततपासण्या, छातीचा एक्स-रे आणि वयानुसारच्या तपासण्या केल्या, सगळ्या ठीक आल्या. पूर्ण पोटाचं सीटी सरसकट केलं नाही. २०१५ मध्ये कॅनडात झालेल्या चाचणीत त्याचा वेगळा फायदा दिसला नव्हता.

कारण नसलेल्या गुठळीनंतर औषध थांबवलं तर पहिल्या वर्षात साधारण दहापैकी एकाला, आणि पाच वर्षांत साधारण चारपैकी एकाला पुन्हा गुठळी होते. पुरुषांत हे प्रमाण जास्त, स्त्रियांत कमी. कोणत्या स्त्रियांनी थांबवलं तरी चालेल हे ठरवण्याचा एक नियम आहे: पायावर सूज, लाली किंवा काळसरपणा, वाढलेला डी-डायमर, लठ्ठपणा आणि ६५ किंवा जास्त वय. यांतलं एकच असेल किंवा एकही नसेल तर थांबवता येतं. त्यांच्यात वय आणि घोट्यावर राहिलेली सूज, असे दोन होते.

सहा महिन्यांनी त्यांनी सरळ विचारलं, “पाय बरा आहे, आणि याच गोळीने मला रक्त गेलं. मग कशाला घ्यायची?”

प्रश्न रास्त होता आणि उत्तर देताना घाई केली नाही. रक्त गेलं त्यामागची दोन्ही कारणं, दुखण्याची गोळी आणि जंतू, आता दूर झालेली होती. सहा महिन्यांनंतर अॅपिक्साबॅनचा डोस निम्मा, २.५ मिग्रॅ दोनदा, करता येतो. या डोसची चाचणी झालेली आहे: वर्षभरात गुठळी पुन्हा होण्याचं किंवा तिच्यामुळे मृत्यूचं प्रमाण नुसत्या खोट्या गोळीवर ८.८ टक्के आणि २.५ मिग्रॅवर १.७ टक्के; मोठा रक्तस्राव दोन्हीकडे अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त नाही. या चाचणीतले रुग्ण त्यांच्यासारखे नुकतेच रक्तस्रावातून गेलेले नव्हते, हेही त्यांना सांगितलं. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि २.५ मिग्रॅ घ्यायचं ठरवलं. दर वर्षी हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, वजन बघायचं आणि हाच प्रश्न पुन्हा विचारायचा, असं ठरलं.

परिणाम

फुप्फुसात गुठळी गेली नाही, रक्तस्राव पुन्हा झाला नाही. सहा महिन्यांच्या डॉप्लरमध्ये मांडीची शीर मोकळी, गुडघ्यामागच्या शिरेत जुन्या गुठळीची खूण. तो अहवाल जपून ठेवायला सांगितला. पुढे कधी पाय सुजला तर नवं काय आणि जुनं काय हे त्यावरूनच कळेल. संध्याकाळी घोट्यावर थोडी सूज येते, पाय उंच ठेवला की उतरते.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वात आधी ती ओळ. ‘पूर्वीची औषधे पूर्वीप्रमाणे’ हे शब्द गुठळीच्या रुग्णाच्या कागदावर असताच कामा नयेत. चालू ठेवायच्या प्रत्येक गोळीचं नाव लिहावं आणि बंद करायच्या गोळ्यांचा वेगळा रकाना असावा. निदान बदललं की जुन्या निदानासाठी लिहिलेली प्रत्येक गोळी हातात घेऊन ‘ही आता कशासाठी?’ असं विचारणं, हे काम नवं औषध निवडण्याइतकंच मोठं आहे. आम्ही अॅपिक्साबॅन की रिव्हारोक्साबॅन यावर जेवढा वेळ दिला, त्याच्या चौथाई वेळात हे झालं असतं.

औषधांची विचारणा ‘रोज काय घेता?’ अशी करून भागत नाही. दुखण्यासाठी, झोपेसाठी, सर्दीसाठी, अंगाला चोळायला, कुणी सुचवलं म्हणून, असं एकेक विचारावं लागतं. त्याहून बरं म्हणजे पिशवी आणायला सांगणं. या प्रकरणात पिशवीने मिनिटभरात जे सांगितलं ते प्रश्नांनी सांगितलं नव्हतं.

क्रिएटिनिन वाढलेलं दिसल्यावर ते वयामुळेच आहे असं धरून चाललो. कशाने वाढलं असेल, हा प्रश्न तेव्हाच विचारला असता तर दुखण्याच्या गोळीपर्यंत एकोणीस दिवस आधी पोचलो असतो.

फिल्टर न बसवण्याबद्दल मतं वेगळी असू शकतात. रक्तस्राव एकोणिसाव्याऐवजी पाचव्या दिवशी झाला असता, किंवा क्लिपनंतर हिमोग्लोबिन घसरत राहिलं असतं, तर मी स्वतः फिल्टरच्या बाजूने बोललो असतो. ४८ तासांनी हेपरिन सुरू करणं हेही सगळीकडे करता येण्यासारखं नाही. रात्री-बेरात्री एंडोस्कोपी आणि तातडीची रक्ततपासणी हाताशी नसेल तर ७२ तास थांबणं जास्त शहाणपणाचं.

अलीकडेच त्यांना दात काढायचा होता. या वेळी त्यांनी दंतवैद्याकडे जाण्याआधी फोन करून दोन गोष्टी विचारल्या: गोळी बंद करायची का, आणि नंतर दुखलं तर काय घ्यायचं. त्या सकाळची एक गोळी टाळली, संध्याकाळची वेळेवर घेतली, दुखण्यावर पॅरासिटामॉल.